जपानमध्ये पन्नास सीसीचा परवाना काढताना

माझं पक्कं लायसन्स सांगलीच्या आरटीओतून २४ ऑगस्ट २०२२ ला निघालं आणि ८ ऑक्टोबरला मी जपानला निघाले. मधले दिवस मोजले तर ४५ भरतात. तेव्हा ते मोजायचं काही कारण नव्हतं. पुढच्या वर्षी हमामात्सुच्या परवाना केंद्रात खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा पासपोर्ट आणि लायसन्स शेजारी शेजारी ठेवून कॅलेंडरवर पेन्सिलीने एकेक दिवस मोजला, तेव्हा कळलं की सगळं गाडं याच आकड्यापाशी अडलं आहे.

थोडं मागचं सांगते. दुचाकी मी शाळेत असतानाच शिकले, अप्पांच्या जुन्या लुनावर. कॉलेजची वर्षं ॲक्टिव्हावर गेली. आधी लर्निंगवर चालवत होते, आणि लर्निंगची मुदत संपल्यावर त्याशिवायच. आमच्या गल्लीत कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. पुण्यात जपानी शिकून त्या भाषेच्या परीक्षेची एन-३ पातळी पास झाले आणि हमामात्सुच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात नोकरी मिळाली, तेव्हा कुठे धावपळ करून लायसन्स काढलं. टेस्ट भावाच्या स्प्लेंडरवर दिली, म्हणजे गिअरच्या गाडीचंही मिळालं. लगोलग आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय परवानाही काढला. हजार रुपये फी, डॉक्टरचा दाखला, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, एवढ्यावर काम झालं.

हमामात्सु हे गाड्यांचं गाव. सुझुकीचं मुख्यालय इथे, यामाहाचं शेजारच्या इवातात. होंडा कंपनी ज्यांनी उभी केली ते होंडा सोइचिरो १९०६ साली इथल्याच एका खेड्यात जन्मले. पण माझा कारखाना शहराबाहेर होता, आणि तिथली बस चुकली की तास गेला. हिवाळ्यात या भागात काराक्काझे नावाचा कोरडा, बोचरा वारा सुटतो. त्या वाऱ्यात उघड्या थांब्यावर पाऊण तास काढल्यावर मी ठरवलं की दुचाकी घ्यायचीच. आमच्या कारखान्यातले एक नागपूरचे दादा भारतात परतत होते. त्यांची पन्नास सीसीची स्कूटर मी घेतली.

गाडी नावावर करून घ्यायला फार सोपी. त्यांनी नंबरप्लेट पालिकेत परत करून दाखला आणला, विक्रीच्या कागदावर सही केली. मी ते दोन कागद घेऊन पालिकेत गेले आणि त्याच बैठकीत नवी प्लेट हातात आली, तीही फुकट. पाटीचा रंग नीट बघून ठेवा, कारण पुढे सगळं त्याच्यावर आहे. पन्नास सीसीपर्यंत पांढरी पाटी, त्यावर नव्वदपर्यंत पिवळी आणि एकशेपंचवीसपर्यंत गुलाबी. पांढऱ्या पाटीच्या वर्गाला इथे गेन्त्सुकी म्हणतात. वर्षाचा कर दोन हजार येन, आणि १ एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर असेल त्याने तो भरायचा. जिबाइसेकी नावाचा सक्तीचा विमा कोपऱ्यावरच्या कॉम्बिनीत, म्हणजे छोट्या दुकानातसुद्धा निघतो. त्याचं स्टिकर पाटीवर चिकटवायचं. मात्र या विम्यात फक्त समोरच्या माणसाच्या इजेची भरपाई मिळते. त्याची गाडी, भिंत, आपली गाडी, आपला हातपाय यातलं काहीही त्यात येत नाही. म्हणून ऐच्छिक विमा वेगळा घ्यावा, तो मी घेतला.

आता आयडीपीबद्दल, कारण इथे आपली माणसं सर्वांत जास्त चुकतात. भारताचा आयडीपी १९४९ च्या जिनिव्हा कराराचा असतो आणि जपानमध्ये तो चालतो. पण त्यात ए, बी, सी असे रकाने असतात, आणि दुचाकी ए मध्ये येते. ज्याच्याकडे फक्त कारचं लायसन्स आहे त्याच्या आयडीपीवर बी चाच शिक्का बसतो, आणि त्यावर इथे पन्नास सीसीसुद्धा चालवता येत नाही. गोंधळ होतो तो असा, की जपानी माणसाकडे कारचा परवाना असला की त्याला गेन्त्सुकी त्यातच मिळते. ऑफिसातला जपानी मित्र म्हणतो, "कारचं आहे ना? मग चालव की." तो त्याच्या कायद्याने बरोबर असतो, पण ते आपल्याला लागू नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. जपानमध्ये पाऊल ठेवल्यापासून एक वर्ष, किंवा आयडीपीवरची तारीख, यातलं जे आधी संपेल ते धरायचं. माझं इथलं वर्ष ऑक्टोबरात भरत होतं, पण आयडीपी सप्टेंबरात काढला होता म्हणून सप्टेंबरातच संपला. दिवाळीला घरी जाऊन नवा आयडीपी आणला की वर्ष पुन्हा सुरू होतं, असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. इथे राहायची नोंदणी असलेला माणूस तीन महिन्यांच्या आत परत आला तर त्याचं वर्ष नव्याने मोजत नाहीत. नवा कोरा आयडीपी खिशात असतो आणि कायद्याच्या दृष्टीने तो माणूस विनापरवाना गाडी चालवत असतो.

पहिल्या वर्षी मी आयडीपीवर गाडी चालवली, आणि डिसेंबरात ती गोष्ट झाली. संध्याकाळची वेळ होती. एका बाजूला तीन लेनचा मोठा रस्ता, मला चौकातून उजवीकडे जायचं होतं. सांगलीत विश्रामबाग चौकात जाते तशीच गेले. इंडिकेटर दिला, हळूहळू उजव्या लेनमध्ये सरकले, सिग्नल पडला तशी वळले. मागून पांढऱ्या मोटरसायकलवरचा पोलीस आला आणि त्याने बाजूला घ्यायला सांगितलं. कागद बघितले. ते सगळे बरोबर होते. मग त्याने विचारलं, "निदान्काई उसेत्सु माहीत आहे का?" शब्द कळले, दोन टप्प्यांत उजवं वळण. म्हणजे काय ते मात्र माहीत नव्हतं.

त्याने हातमोजा काढला, खिशातली वही उघडली आणि चौक काढून दाखवला. गेन्त्सुकीने डावी कड सोडायची नाही. चौकाच्या तीस मीटर आधी उजवा इंडिकेटर द्यायचा, पण जायचं सरळ. पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं, तिथेच गाडीचं तोंड उजवीकडे करायचं, इंडिकेटर बंद करायचा, आणि समोरचा सिग्नल हिरवा झाला की आडव्या रस्त्याच्या वाहतुकीबरोबर निघायचं. एका बाजूला तीन किंवा जास्त लेन असलेल्या सिग्नलच्या चौकात हे सक्तीचं आहे. कारण समजायला अवघड नाही. गेन्त्सुकीला कायद्याने ताशी ३० किलोमीटरच्या वर जाता येत नाही. पन्नास-साठने धावणाऱ्या गाड्यांमधून तीन लेन तिरक्या कापत उजवीकडे जाणारी तीसची स्कूटर म्हणजे अपघाताला आमंत्रण.

त्या दिवशी समज देऊन त्याने मला सोडलं. पावती फाडली असती तर तीन हजार येन गेले असते. पण मी घरी आले ती हादरून. गाडी घेतल्यापासून मी त्या चौकातून रोज तशीच वळत होते. माझे कागद पक्के होते, शिक्का बरोबर होता, आणि रस्त्याचा साधा नियम मला माहीत नव्हता. आयडीपी काढताना मला कुणी जपानच्या रस्त्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. तो कागद म्हणजे माझ्या सांगलीच्या परवानगीचं भाषांतर होतं, त्याहून जास्त काही नाही.

आयडीपी संपायच्या आत भारतीय लायसन्स बदलून जपानी घ्यायचं ठरवलं. याला गाइमेन किरिकाए म्हणतात. काही देशांच्या लोकांना परीक्षाच नसते, फक्त कागद आणि डोळे तपासतात. भारत त्या यादीत नाही, म्हणून आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवणं, दोन्ही आलं. जाफ ही इथली मोटार संघटना आहे, तिच्याकडून लायसन्सचं जपानी भाषांतर करून घेतलं. पालिकेतून जूमिन्ह्यो, म्हणजे राहत्या पत्त्याचा दाखला आणला. त्यावर राष्ट्रीयत्व छापलेलं लागतं, अर्जात तशी खूण करायला विसरलात तर दुसऱ्यांदा जावं लागतं. फोटो तीन सेंटिमीटर बाय दोन पॉइंट चार. सगळं फाइलला लावून ऑगस्ट २०२३ मध्ये मी केंद्रात गेले.

आणि तिथे ते कॅलेंडर आलं. नियम असा की ज्या देशाने लायसन्स दिलं त्या देशात, लायसन्स मिळाल्यानंतर एकूण तीन महिने राहिल्याचा पुरावा पाहिजे. पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून तो मोजतात. दुसऱ्या देशात चार दिवस जाऊन लायसन्स काढून आणणाऱ्यांना थोपवायला हा नियम आहे. माझे भरले ४५. मी म्हटलं, मी जन्मभर तिथेच राहिलेय, दहा वर्षं गाडी चालवतेय. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लायसन्सनंतरचे दिवस धरतात." दहा वर्षं चालवत होते हे तोंडातून निघालं आणि माझं मलाच कसंतरी झालं, कारण त्यातली जवळजवळ सगळी वर्षं विनालायसन्सची होती. भारतात आणखी दीड महिना राहून आले तर दिवसांची बेरीज होऊ शकते, असं त्यांनीच सांगितलं. एवढी रजा कोण देणार?

सप्टेंबरात आयडीपी संपला तशी मी स्कूटर ताडपत्रीखाली झाकून ठेवली. इथे विनापरवाना चालवण्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड अशी आहे, आणि परदेशी माणसाच्या बाबतीत प्रश्न फक्त दंडावर थांबत नाही, व्हिसापर्यंत जातो. मग शेजारच्या आजींनी सुचवलं, "अगं, गेन्त्सुकीची परीक्षा सरळ दे की. माझ्या नातवाने सोळाव्या वर्षी दिली." खरंच, तो दरवाजा उघडाच होता. सोळा वर्षं पूर्ण, दोन्ही डोळ्यांनी मिळून ०.५ दृष्टी, लेखी परीक्षा आणि तीन तासांचा प्रत्यक्ष वर्ग. गाडी चालवून दाखवायची परीक्षा नाही. भारतातल्या मोटार वाहन कायद्यातही सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या पन्नास सीसीचं लायसन्स मिळतं. लुनाच्या काळातल्या माणसांना हे आठवत असेल.

खर्च तेव्हा असा होता: परीक्षा १५०० येन, वर्ग ४५००, परवाना छापून मिळायला २०५०. एकूण ८०५०.

तीन तासांचा वर्ग कुठे परीक्षेच्या आधी असतो, कुठे पास झाल्यावर. माझा आधी झाला, एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानावर. आम्ही चौघं होतो, मी आणि तीन शाळकरी मुलं. शिकवणारे सेन्सेई साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. मला वाटलं होतं, यात मला काय शिकवणार.

पहिला अर्धा तास गाडीवर चढण्यातच गेला. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, दोन्ही ब्रेक धरून स्टँडवरून उतरवायची, आणि पाय टाकायच्या आधी उजव्या खांद्यावरून मागे वळून बघायचं. मी पाय टाकला की ते म्हणायचे, "मागे?" मी उतरायची, पुन्हा चढायची. पाचव्या वेळी न सांगता मान वळली.

मग ब्रेक. आपल्याकडे लहानपणापासून कानीकपाळी ओरडलेलं असतं की पुढचा ब्रेक लावू नको, तोंडावर पडशील. इथे उलट शिकवलं. गाडी सरळ उभी असताना दोन्ही ब्रेक एकदम दाबायचे, कोरड्या रस्त्यावर पुढचा किंचित जास्त, ओल्या किंवा निसरड्या रस्त्यावर मागचा किंचित जास्त. सेन्सेईंनी मैदानावर एक खडूची रेघ मारली आणि आधी फक्त मागच्या ब्रेकने थांबायला लावलं, मग दोन्हींनी. पहिल्या वेळी रेघेच्या पुढे जिथे थांबले आणि दुसऱ्या वेळी जिथे थांबले, त्यात एक अख्खी स्कूटर आडवी मावली असती. एवढी वर्षं मी अर्ध्या ब्रेकवर गाडी चालवत होते.

सर्वांत जास्त वेळ गेला तो तोमारेवर. लाल उलट्या त्रिकोणावर 'थांबा' लिहिलेलं असतं, आणि खाली डांबरावर जाड पांढरी रेघ. मी रेघेशी आले, पाय टेकवल्यासारखा केला, दोन्हीकडे पाहिलं, निघाले. सेन्सेईंनी शिट्टी वाजवली. "चाक थांबलं नव्हतं." पुन्हा गेले. "पाय टेकला, चाक फिरत होतं." तिसऱ्यांदा त्यांनी मला उतरवून बाजूला उभं केलं आणि एका मुलाला पाठवलं. मी गुडघ्यावर बसून त्याच्या पुढच्या चाकाकडे बघत होते. टायरवर चिखलाचा एक ठिपका होता. तो हळू झाला, अगदी हळू झाला, आणि मग थांबला. हळू होणं आणि थांबणं यात किती फरक आहे हे मी त्या ठिपक्याकडे बघताना पहिल्यांदा पाहिलं. रस्त्यावर हीच चूक पोलिसाने धरली तर परवान्यावर दोन दंडाचे गुण आणि पाच हजार येन.

शेवटी सेन्सेईंनी दोन जोडशब्द फळ्यावर लिहिले. दारो उन्तेन आणि कामोशिरेनाई उन्तेन. पहिला म्हणजे 'कुणी येत नसेल' असं धरून गाडी चालवणं. दुसरा म्हणजे 'कुणीतरी येत असेल' असं धरून. जपानमध्ये गाडी शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर हे शब्द पडतात.

लेखी परीक्षेला वेळ ३० मिनिटं. बरोबर की चूक एवढंच सांगायचं असे ४६ प्रश्न, एकेक गुणाचे. शिवाय चित्रावरचे दोन प्रश्न. त्या प्रत्येकात तीन विधानं असतात आणि तिन्ही बरोबर आली तरच दोन गुण, नाहीतर शून्य. पन्नासपैकी ४५ पाहिजेत. भाषा जपानीच घेतली, कांजी म्हणजे जपानीतल्या अवघड चित्रलिपीवर वाचायला सोपी अक्षरं छापलेली असतात. पहिल्यांदा मला मिळाले ४३. फलकावर नंबर लागतात, त्यात माझा नव्हता.

कुठे चुकले ते घरी येऊन आठवून आठवून लिहून काढलं. निम्म्या चुका भाषेच्या होत्या. 'नेहमीच', 'फक्त', 'कुणी नसेल तर' अशा एका शब्दावर विधान फिरतं. रेल्वे फाटक उघडं आहे, गाडी येत नाही हे दिसतंय, म्हणून न थांबता हळू गेलं तर चालेल? नाही. फाटकापाशी थांबायचंच, आणि डोळ्यांनी व कानांनी खात्री करायची. चौकाच्या पाच मीटरच्या आत गाडी लावायची नाही, बस थांब्याच्या आणि फाटकाच्या दहा मीटरच्या आत नाही. हे आकडे पाठ करण्याशिवाय इलाज नाही. गेन्त्सुकीवर डबलसीट नाही, मूल लहान असलं तरी नाही. मागच्या कॅरिअरवर ३० किलोपर्यंतच ओझं. आणि दोन टप्प्यांचं वळण जिथे मना आहे असा फलक असतो, तिथे उलट इतर गाड्यांसारखंच वळायचं. हा प्रश्न हमखास येतो.

उरलेल्या चुका मात्र सवयीच्या होत्या. लाल सिग्नलला डावीकडे वळता येतं का? माझ्या हाताने आपोआप बरोबरची खूण केली होती. लेफ्ट फ्री माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की प्रश्न वाचायच्या आधीच उत्तर ठरलेलं होतं. इथे हिरवा बाण नसेल तर डावं वळणही लालमध्ये येतं. तसंच हॉर्नचं. वळणावर, गल्लीच्या तोंडाशी, पुढच्याला हलवायला हॉर्न द्यावा, असं मी धरून चालले होते. इथे तसा फलक असेल तिथे किंवा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा हॉर्न वाजवायचा, एरवी वाजवणं हाच गुन्हा.

आणि एक चित्र. अभ्यासाच्या पुस्तकात डावीकडे वळणारा ट्रक वरून काढलेला आहे. पुढच्या चाकाची रेघ बाहेरून जाते, मागच्या चाकाची तिच्या आतून. दोन्ही रेघांमधली जागा करड्या रंगाने भरलेली, आणि तिथे एक स्कूटर. या अंतराला नाइरिन्सा असा शब्द आहे. मी ते पान बराच वेळ उघडं ठेवून बसले. आम्ही बारावीत असताना सांगली-मिरज रस्त्यावर माझ्या वर्गातली एक मुलगी डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली आली. ती स्कूटीवर होती, ट्रकच्या डाव्या अंगाला, सिग्नलला थांबलेली. सगळे म्हणाले, नशीब. तिची आई आजही तेच म्हणते. आणि इथे ते नशीब एका साध्या आकृतीत काढून ठेवलेलं होतं, सोळा वर्षांच्या मुलांना पाठ करायला. आम्ही दहा-बारा मैत्रिणी रोज त्याच जागेत स्कूट्या घालत होतो. आम्हाला हे कुणी कधी दाखवलं नव्हतं. मला आजही याचा राग येतो.

आठवड्याने पुन्हा १५०० येन भरले आणि ४७ गुण मिळाले. त्याच दुपारी परवाना हातात आला. नव्या माणसाच्या परवान्यावर हिरवी पट्टी असते. पुढे नूतनीकरणाला ती निळी होते, आणि पाच वर्षं काही गुन्हा नसला की सोनेरी. अप्पांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "पन्नास सीसीला एवढी परीक्षा?" मी म्हटलं, "हो अप्पा, आणि एकदा नापासही झाले." मग त्यांना ब्रेकचं सांगितलं. त्यांनी अंगणात करून बघितलं असं आई म्हणाली.

त्यानंतर नियम दोन ठिकाणी बदलले, ते सांगायला हवं. धुराच्या नव्या मर्यादांमुळे पन्नास सीसीची इंजिनं बनवणं कंपन्यांना परवडेनासं झालं. म्हणून १ एप्रिल २०२५ पासून १२५ सीसीपर्यंतची, पण ताकद ४.० किलोवॅटपर्यंत दाबलेली गाडी गेन्त्सुकीच्या परवान्यावर चालते. तिलाही पांढरीच पाटी, तीसचीच मर्यादा, दोन टप्प्यांचंच वळण. यावरून 'आता गेन्त्सुकीवर १२५ चालते' असं अर्धवट ऐकून आपल्यातल्या दोघांनी जुन्या १२५ बघायला सुरुवात केली होती. साधी १२५ म्हणजे गुलाबी पाटी, आणि ती गेन्त्सुकीच्या परवान्यावर चालवणं म्हणजे विनापरवानाच. माझी सांगलीची ११० सीसीची ॲक्टिव्हा इथे आणली तर तिलाही गुलाबीच पाटी लागेल. त्यासाठी कोगाता नावाचा वेगळा परवाना आहे, गिअरसह किंवा बिनगिअरचा, आणि त्याला प्रत्यक्ष चालवण्याची परीक्षा आहे. तीस सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्टीवरून न पडता हळू जायचं असतं. मी सध्या ड्रायव्हिंग स्कूलला त्यासाठीच जाते.

दुसरा बदल गाइमेन किरिकाएचा. पूर्वी तिथे चित्रांचे दहा प्रश्न असायचे, सात आले की झालं. १ ऑक्टोबर २०२५ पासून पन्नास प्रश्न आणि ४५ बरोबर. पर्यटक म्हणून आलेल्याला आता ते करताच येत नाही, जूमिन्ह्यो लागतोच. परदेशी लोकांची अडवणूक केली म्हणून काहीजण रागावले. मला तसं वाटत नाही. दहा प्रश्नांत मी नाइरिन्सापर्यंत पोचलेच नसते.

माझा आतेभाऊ आता इकडे यायचा आहे. त्याला मी सर्वांत आधी लायसन्स काढायला लावलं. ते या जानेवारीत निघालं, विमान जूनचं आहे. दिवस मी स्वतः मोजले. जुना पासपोर्ट टाकू नकोस, आयडीपीवर ए चा शिक्का आहे ना ते काउंटर सोडायच्या आत बघ, हे सगळं सांगून झालं. पुस्तकातली चित्रंही पाठवली, खाली मराठीत लिहून. परवा त्याचा फोन आला. मिरज स्टँडच्या तोंडाशी उभं राहून त्याने आत वळणाऱ्या एसट्या बघितल्या होत्या, एक नाही, चार-पाच. "ताई," तो म्हणाला, "मागचं चाक चांगलं दोन हात आतून जातं गं. आणि तिथेच सगळे गाड्या घेऊन उभे असतात."